देव जवळ येतो तेव्हा: मराठीतील तीन लेखण्या आणि एक श्रद्धा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत ‘ख्रिस्ती ग्रंथकार’ अशा मथळ्याचे एक आटोपशीर प्रकरण बहुधा असतेच. त्यात फादर स्टीफन्स येतात, पंडिता रमाबाई येतात, रेव्हरंड टिळक येतात. प्रत्येकास यथायोग्य दोन शब्दांची आदरांजली मिळते आणि इतिहासकार निश्चिंत मनाने पुढल्या प्रकरणाकडे वळतो. ह्या लेखकांची भाषा कशी होती हे तो सांगतो. त्या भाषेतून त्यांना काय सांगावयाचे होते आणि ते सांगणे मराठीत साधले की नाही, ह्या प्रश्नास मात्र तो सहसा हात घालीत नाही. परधर्माची बाब म्हणून संकोच वाटत असावा. परंतु हा संकोच वाङ्मयविचाराला मानवणारा नाही. ज्ञानेश्वरीचा विचार अद्वैत वगळून करता येत नाही, तसाच ‘ख्रिस्तपुराणा’चा विचार ख्रिस्ताचे ईश्वरत्व वगळून करता येणार नाही.

आमच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो ग्रंथालयात नव्हे. बदलीच्या गावी नाताळच्या संध्याकाळी एका परप्रांतीय ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी आम्ही फराळास गेलो होतो. बोलता बोलता त्याने विचारले, “देव माणूस झाला आणि तो आजही आमच्याबरोबर आहे, हे तुमच्या मराठीत कसे सांगतात?” आम्ही तात्काळ उत्तर दिले, “त्यात काय कठीण? अवतार झाला म्हणावे.” सहकारी हसला व म्हणाला, “मग सांगितले गेले नाही.” त्या हसण्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न म्हणजेच प्रस्तुत लेख होय.

प्रथम ह्या श्रद्धेचे स्वरूप थोडक्यात पाहू. ख्रिस्ती मनुष्य येशूस केवळ थोर गुरू, संत किंवा ईश्वराचा दूत मानीत नाही. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेपुढे हाच वाद होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस ह्याचे म्हणणे असे की, पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो पित्याने निर्माण केलेलाच आहे. परिषदेने हे मत अमान्य केले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, निर्मिलेला नाही, असा निर्णय दिला. पुढे ४५१ मध्ये खाल्सेदोन येथील परिषदेने ठरविले की, ख्रिस्त पूर्ण देव आहे आणि पूर्ण मनुष्यही आहे. त्याचे दोन स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत आणि एकमेकांपासून तुटतही नाहीत. ही झाली श्रद्धेची एक बाजू. दुसरी बाजू सान्निध्याची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूस ‘इम्मानुएल’ हे नाव लावले आहे. त्या हिब्रू नावाचा अर्थ ‘देव आमच्यासंगती’ असा होतो. त्याच ग्रंथाचा शेवट, युगाच्या अंतापर्यंत आपण तुमच्याबरोबर राहू, ह्या येशूने शिष्यांना दिलेल्या अभिवचनाने होतो. सबंध चरित्र ह्या दोन टोकांमध्ये बसविलेले आहे. ह्यावरून दिसेल की ईश्वरत्व आणि सान्निध्य हे दोन निरनिराळे सिद्धान्त नाहीत. जो जवळ आहे तो देवच नसेल, तर त्या जवळ असण्यास मोल नाही. आणि जो देव आहे तो जवळ नसेल, तर त्याच्या देवपणाचा माणसास उपयोग नाही.

आता मराठी लेखकापुढील अडचण ध्यानात येईल. ती शब्दांच्या दारिद्र्याची नसून श्रीमंतीची आहे. देव मनुष्यरूपाने येतो हे ऐकून मराठी श्रोता दचकत नाही. देव भक्ताच्या घरी राबतो, जनाबाईबरोबर दळण दळतो, विटेवर उभा राहून वाट पाहतो, हे त्याने लहानपणापासून ऐकले आहे. म्हणून ख्रिस्ताविषयी सांगू लागताच तो लगेच मान डोलावतो. अडचण ह्या लवकर मान डोलावण्यातच आहे. अवतार अनेक होतात. कार्य संपले की ते धारण केलेले रूप टाकून निजधामास जातात. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे ह्याहून वेगळे आहे. हे येणे एकदाच झाले, रोमच्या एका सुभेदाराच्या अमदानीत झाले, त्याचा शेवट गुन्हेगाराच्या मरणात झाला. मात्र मरणानंतर तो पुन्हा उठला आणि घेतलेले मनुष्यपण त्याने टाकून दिले नाही, घाव अंगावर तसेच राहिले. हे जसेच्या तसे सांगावे तर मराठी कानास परके वाटते. ओळखीचे करून सांगावे तर त्यातील वेगळेपण पुसले जाते. ह्या पेचातून तिन्ही लेखकांनी तीन निरनिराळ्या वाटा काढल्या.

थॉमस स्टीफन्स हा विल्टशरमधला इंग्रज. १५७९ साली तो गोव्यास पोहोचला आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंतची चाळीस वर्षे त्याने त्याच भूमीत, त्यांतील बरीचशी साष्टीत, घालविली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, दोन भाग: पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. मूळ पोर्तुगीज शीर्षकात ग्रंथाचा विषय ‘तारणाऱ्याचे जगात येणे’ असा सांगितला आहे. स्टीफन्सला अवतरणिकेचा साज मराठी पुराणाचा हवा होता, पण विषयाचे नाव मात्र साध्या ‘येणे’ ह्या क्रियेचे होते, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

स्टीफन्सची वाट स्वीकाराची. त्याने मराठी पुराणाचा सगळा संसार उचलून घेतला. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो, श्रोते प्रश्न करतात, पाद्री उत्तर देतो, ओवी सावकाश पुढे सरकते. मराठी भाषेची त्याने आरंभीच केलेली स्तुती शाळेच्या क्रमिक पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण ती स्तुती वाचून आपण जे सुखावतो त्यात थोडी फसगतही आहे. ग्रंथाच्या प्रारंभी नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण श्रोता विचारतो की, पूर्वीची पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी तसेच काही आम्हांस का देत नाही? ह्या प्रश्नामागे साष्टीचा इतिहास उभा आहे. तेथील देवळे पाडली गेली होती, पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या, १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. रिकाम्या झालेल्या जागेवर हे पुराण आले. म्हणून त्यातील ईश्वरत्वाचे प्रतिपादन वरून खाली येते. शंका विचारणारा बसलेला आहे, उत्तर देणारा सर्व जाणतो, आणि त्याच्या पाठीशी राज्यसत्ता आहे. देव आमच्यासंगती आहे हे वाक्य सत्तेच्या मुखातून आले की त्याचा सूर बदलतो, हे आम्हांस स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

तथापि एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. स्टीफन्स सिद्धान्त सांगू लागतो तेव्हा तो पाद्री असतो; कथा सांगू लागतो तेव्हा तो कवी होतो. काना गावच्या लग्नाचा प्रसंग पाहावा. द्राक्षरस संपतो, यजमानाची अब्रू जाण्याची वेळ येते आणि पाहुण्यांत बसलेला येशू ती सावरतो. पुराणातले ते लग्नघर आपल्या ओळखीचे वाटते आणि मांडवात बसलेला देवही ओळखीचा वाटतो. सान्निध्य येथे सिद्ध करावे लागत नाही, ते दिसते. ह्या ग्रंथाचे पुढे जे झाले त्यानेही हीच गोष्ट सिद्ध केली. मूळ छापील प्रती नाहीशा झाल्या. १६८४ मध्ये गोव्याच्या सरकारने स्थानिक भाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्या सत्तेच्या आश्रयाने पुराण जन्मले, तीच सत्ता त्याच्या भाषेवर उलटली. तरी पुराण जगले, ते घराघरांतून गायिले गेल्यामुळे. दक्षिणेकडे कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते बरोबर नेली, आणि १९०७ साली ते पुन्हा छापले गेले ते मंगळूरास. देवनागरीत ते यावयास १९५६ साल उजाडावे लागले. एक मराठी ग्रंथ मराठी मुलखाबाहेर, मराठी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांत, निव्वळ कंठाच्या आधाराने टिकून राहिला. परमुलखात घर थाटलेल्या आपल्यासारख्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

पंडिता रमाबाईंची वाट अगदी उलट, म्हणजे पारखण्याची. त्यांना शुभवर्तमान प्रथम भेटले ते आसामात, सिलचर येथे, पतीच्या पुस्तकांत. आणि तेही बंगालीत. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचला म्हणजे ख्रिस्ती होणे म्हणजे विचार गहाण टाकणे असे समजणाऱ्यांचे डोळे उघडतील. ज्या मठवासिनीने त्यांना आईच्या मायेने वागविले, तिलाच रमाबाई निःसंकोचपणे विचारीत होत्या: देवाचे त्रैक्य म्हणजे काय? ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी चर्च जे सांगते ते मी शास्त्र स्वतः वाचून ताडून का पाहू नये? क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत? समोरच्या मंडळींना ह्यात गर्व दिसला. आम्हांस त्यात अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या दिसते. वडिलांनी जिला शास्त्र शिकविले, तिला शास्त्र वाचू नकोस, केवळ मान असे सांगणे व्यर्थ होते.

त्या शंकांचा निरास वादाने झाला नाही. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले आहे की, आपणांस ख्रिस्ती धर्म आधी सापडला, ख्रिस्त स्वतः पुष्कळ उशिरा. ह्या भेदात सर्व आले. सिद्धान्त म्हणून जे पटत नव्हते ते सान्निध्य म्हणून अनुभवास आले, आणि मग सिद्धान्तही पटला. पुढील आयुष्यात केडगावच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रियांचा संसार सांभाळीत असता त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम त्यांनी संपविले. छपाई सदनातल्याच स्त्रियांनी केली. ह्या भाषांतरात त्यांनी वेदान्ताचा किंवा पुराणाचा वास येणारे शब्द कटाक्षाने टाळून साधी बोलभाषा वापरण्याचा यत्न केला. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या स्त्रीने संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत, ह्यात केवढा निग्रह आहे!

हे भाषांतर रुक्ष आहे असा आक्षेप घेतला जातो. लय हवी असणाऱ्या वाचकाची येथे निराशा होते हे खरे. परंतु भाषांतर कोणासाठी आहे हे विसरता कामा नये. ज्यांना अक्षरओळख नुकतीच झाली आहे अशा स्त्रियांपुढे ते मोठ्याने वाचावयाचे होते. शिवाय मूळ ग्रंथातले काही प्रसंग रुक्ष भाषाच मागतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस, मरणातून उठलेला येशू पहाटे सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव पेटवून मासळी भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलावतो. ज्याने मृत्यू जिंकला असे सांगावयाचे, तो चुलीपाशी बसला आहे. येथे ‘प्रभूंनी प्रसाद सिद्ध केला’ असे लिहिले की सगळे बिघडले! विस्तव, मासळी, भाकर: एवढेच शब्द पुरेत. ईश्वरत्वाची उंची येथे भाषेच्या उंचीने दाखविता येत नाही, ती साधेपणानेच दाखवावी लागते. रमाबाईंना हे कळले होते.

तिसरी वाट नारायण वामन टिळकांची. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनी वाट धरली ती संतांची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो अशी त्यांची भावना होती, आणि त्यांनी तो पूल मागे जाळला नाही. ख्रिस्त त्यांचा गुरू, सखा आणि माउली झाला. त्यांची पदे व अभंग नगर भागातल्या देवळांतून लोक टाळमृदंगावर गाऊ लागले. ‘ख्रिस्तायन’ हे नावच त्यांचा हेतू सांगते. मिशनचे वेतन १९१७ मध्ये सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला; त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची इच्छा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले.

टिळकांच्या अभंगांस आम्ही एक कसोटी लावून पाहिली. ती वाचकांनीही लावून पाहावी. अभंगातील ख्रिस्ताचे नाव काढून तेथे विठ्ठलाचे नाव मनातल्या मनात घालावे. अभंग तसाच उभा राहतो की कोसळतो? पुष्कळ अभंग तसेच उभे राहतात. भाषेच्या दृष्टीने हे टिळकांचे मोठे यश आहे. तीनशे वर्षांत प्रथमच ख्रिस्तभक्ती अनुवादाचा वास न येता मराठीत बोलली. श्रद्धेच्या दृष्टीने मात्र येथेच आमच्या सहकाऱ्याचे हसणे आठवते: मग सांगितले गेले नाही. नाव बदलले तरी चालते, ह्याचा अर्थ जे एकदाच घडले असे म्हणावयाचे होते ते ह्या रचनांत घडलेलेच नाही. उलट जेथे क्रूस येतो, घाव येतात, आपल्या अपराधासाठी दुसऱ्याने मरण सोसल्याची लाज येते, तेथे नावाची अदलाबदल होऊ शकत नाही. असे अभंग संख्येने थोडे असतील, पण आमच्या मते टिळकांचे कवित्व तेथे सर्वांत खरे आहे. तेथे माउली आहे आणि तिच्या हातांस खिळ्यांच्या खुणाही आहेत. एक शब्द मराठी संतांचा आणि एक खूण शुभवर्तमानाची, अशी ही गाठ टिळकांपूर्वी कोणी इतकी घट्ट बांधली नव्हती.

ह्यावर टिळकांचा पक्ष घेऊन कोणी म्हणेल की, भक्त सिद्धान्ताची वजने घेऊन देवापुढे बसत नाही. हे आम्हांस मान्य आहे. परंतु कवितेस तरी वेगळेपणाची गरज असतेच. जे कोणाविषयीही म्हणता येते ते कोणाविषयीच पुरतेपणी म्हटलेले नसते.

तीन लेखण्यांविषयी लिहू असे म्हटले होते. पण चौथीस वगळून हा लेख पुरा होणे शक्य नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ पुढे चालविले ही गोष्ट त्यांच्या निष्ठेची साक्ष आहे. परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथे नसून ‘स्मृतिचित्रां’त आहे. ह्या पुस्तकात सिद्धान्ताचे प्रवचन जवळजवळ नाही. पतीने धर्म सोडल्यावर बाईंच्या वाट्यास आलेला वियोग आहे, चिडणे आहे, रुसणे आहे, सोवळेओवळे आहे. मग कधीतरी हा जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे हे त्यांच्या मनात लख्ख उजाडते, आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी प्यावयास सिद्ध होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम ध्यानात घ्यावा. देव माणूस झाला हे मान्य करण्यापूर्वी त्यांना माणूस हा माणूस म्हणून दिसला. हे त्या कोठेही गंभीर चेहऱ्याने सांगत नाहीत. स्वतःवर हसत हसत सांगतात. घरात अन्न नाही, पाहुणे मात्र आले आहेत, पती कोणास तरी काहीतरी देऊन बसला आहे, आणि तरी दिवस निभावतो. निभावणारा कोण, हे लेखिका बोटाने दाखवीत नाही. वाचकास ते कळते. सान्निध्याचे वाङ्मय ह्याहून अधिक काय करणार?

म्हणजे मराठीत ही श्रद्धा सांगितली गेली आहे का? आमचे उत्तर असे. स्टीफन्सने तिला घर दिले, पण दारावर पहारा होता. रमाबाईंनी तिला खरेपणा दिला, पण गळा दिला नाही. टिळकांनी गळा दिला. वेगळेपण कधी राखले, कधी हरवू दिले. लक्ष्मीबाईंनी तिला दिवस दिला, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दिली. एका ग्रंथात सर्व मिळाले नाही. तरी चौघांचे मिळून पाहिले तर ‘अवतार’ ह्या एका शब्दावर निभावून नेण्याचे कारण उरत नाही. ज्याला मान डोलावणे इतके सोपे जाते, तो आपण ऐकलेलेच पुन्हा ऐकत असतो. जेथे तो क्षणभर थबकतो, तेथे दुसऱ्याची श्रद्धा त्यास प्रथम भेटते. आणि शेजाऱ्याची श्रद्धा अशी भेटल्याशिवाय त्याचा आदर केला असे म्हणणे हा निव्वळ शिष्टाचार होय.

पुढील नाताळात त्याच सहकाऱ्याकडे जाण्याचा योग आला, तर आम्ही त्यास सरोवराच्या काठच्या न्याहारीची गोष्ट रमाबाईंच्या साध्या मराठीत वाचून दाखवू. त्याला मराठी येत नाही. पण विस्तव, मासळी आणि भाकर हे शब्द समजावून सांगावयास फार वेळ लागणार नाही. वाचकांस एवढीच विनंती की, आपापल्या गावच्या महाराष्ट्र मंडळाच्या कपाटात ही चार पुस्तके आहेत की नाहीत हे एकदा पाहावे. नसल्यास ती मागवावीत. आणि आल्यावर ‘ख्रिस्ती ग्रंथकार’ अशा निराळ्या खणात न ठेवता, इतर मराठी पुस्तकांतच ठेवावीत.